वस्तू क्रमांक एक

३ फेब्रुवारी, सोमवार

आज तळ्याच्या तळातून कुणीतरी माझ्याकडे बघून हसलं.

शब्दशः. चेहरा नाही, ओठ नाहीत, नुसते दात. वरची कवळी. ठ ओळ, एकतिसावं घर. आठ मीटर पाण्याखाली, वापरून झालेल्या इंधनाच्या जुडीवर आरामात बसलेली — कुणी झोपायच्या आधी काढून ठेवावी तशी.

सव्वीस वर्षं मी या तळ्यावर काम करतेय. लोकांना वाटतं आत काहीतरी हिरवं, उकळतं असणार. निळं, नितळ पाणी आहे. पोहण्याच्या तलावाहून स्वच्छ, कारण यात कुणी पोहत नाही. अणुभट्टीतून निघालेल्या सळ्यांच्या जुड्या, प्रत्येक दोन पुरुष उंच, खाली पोलादी घरांत उभ्या. गरम असतात, किरण सोडतात. पाणी दोन्ही सांभाळून घेतं. पुरेशा थंड झाल्या की शंभर टनांच्या डब्यात भरायच्या आणि लांबच्या कारखान्यात पाठवायच्या. डब्याचं कागदोपत्री नाव कास्क. आम्ही डबाच म्हणतो.

या खेपेला ठ ओळ जायची आहे. चोवीस वर्षं त्या कोपऱ्यावर लांब अवजारांचा स्टँड होता, खाली काही दिसायचंच नाही. तो गेल्या महिन्यात काढला. म्हणून आज कॅमेरा सोडून जुड्यांचे नंबर वाचत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस — आणि दात!

नियमाप्रमाणे लगेच मोठ्या साहेबांना फोन केला. "तळ्यात परकी वस्तू. एक."

"काय वस्तू?"

"दात."

पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मग, "किती?"

"चौदा."

फोनवर जे सांगितलं नाही ते इथे लिहिते. समोरच्या दोन दातांमध्ये फट आहे. चांगली काडेपेटीतली काडी जाईल एवढी. ती फट माझ्या ओळखीची आहे. रोज सकाळी आरशात बघते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या घराण्याची फट. आजोबांना होती, बाबांना, मला. लेकीने तारा लावून मिटवली तेव्हा बाबा तिला म्हणाले होते, "सही खोडलीस."

बाबांचे सगळे दात छप्पन्नाव्या वर्षीच गेले, हिरड्यांपायी. दंतवैद्य त्यांचा शाळासोबती. वरची-खालची दोन्ही त्यानेच करून दिली. बाबांनी त्याला बजावलं होतं, "फट राहू दे. नाहीतर पोरगी ओळखायची नाही." धातूचा पत्रा, त्यावर चिनी मातीचे दात, आणि मधोमध मुद्दाम ठेवलेली फट. खोट्या दातांत खरी फट घेऊन हिंडणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही.

आता जी घालतात तिला फट नाही. सरळ, पांढरीशुभ्र, दुकानाच्या काचेत ठेवल्यासारखी. मधे कधीतरी बदलली. म्हणाले होते, जुनी ढिली झाली. मीही जास्त चौकशी केली नाही.

आणि माझे बाबा म्हणजे कोण? माझ्याआधी हे तळं ज्यांच्या ताब्यात होतं ते. बावीस वर्षं. दारातली पिवळी रेघ त्यांनी आखली. रेघेच्या आत जाणारी प्रत्येक वस्तू वहीत लिहायची, आणि प्रत्येक वस्तूला दोरी. चष्म्याला दोरी, पेनाला दोरी, बॅटरीला दोरी. अंगठी काढायची. खिसे शिवलेले. जेवढं आत तेवढं बाहेर. बावीस वर्षांत तळ्यात पडलेल्या वस्तू — शून्य. कँटीनच्या भिंतीवर लिहिलंय, जेवताना समोर दिसतं.

वीस तारखेला प्रशिक्षणाच्या हॉलला त्यांचं नाव द्यायचंय. पितळी पाटी तयार आहे. नावाखाली एवढंच कोरलंय: "शून्य".

५ फेब्रुवारी, बुधवार

फॉर्म आला. नऊ पानं. वर छापलंय "वस्तू क्रमांक एक". जणू पुढे रांग लागणार आहे.

वस्तू कशाची? पूर्ण की तुटलेली? मालक कोण? कधी, कशी पडली? आणि शेवटचा, ठळक अक्षरात — तळ्यात आणखी भाग किंवा वस्तू असण्याची शक्यता आहे का?

हा प्रश्न उगीच नाही. डब्यात इंधनाशिवाय काही जाता कामा नये. पलीकडच्या कारखान्यात जुड्या कातरून बोटाएवढे तुकडे करतात, ते आम्लात विरघळवतात, त्यातून कामाचं वेगळं काढतात. शंभरातले पंचाण्णव भाग परत वापरता येतात. उरलेलं जहाल पाणी काचेत ओतून गोठवतात. सगळं मोजूनमापून. त्यांच्या कृतीत दात नाहीत.

फॉर्म भरेपर्यंत भरणी बंद. रस्त्याची परवानगी सतरा ते वीस एवढीच. चुकली तर सहा महिने थांबा. तो डबा माझा नवरा नेणार आहे. छप्पन्न चाकांची गाडी, ताशी वीस किलोमीटर. सायकलवाले घंटी वाजवून याला मागे टाकतात. परवापासून यार्डात टायरांची हवा बघत बसलाय. "तुझे दात निघाले की सांग," म्हणाला.

'तुझे' म्हणाला तेव्हा मी दचकून त्याच्याकडे बघितलं. त्याला काही माहीत नाही. बोलायची पद्धत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काढली एकदाची.

अकरा मीटर लांबीची काठी, टोकाला चिमटा. तिसऱ्या मजल्यावरून अंगणातली सुई उचलायची, साधारण तसं काम. चाळीस मिनिटं. तीनदा निसटली. तिसऱ्यांदा निसटून उलटी झाली तेव्हा मी तळ्यावरच्या पुलावर चक्क "सॉरी, बाबा!" म्हणाले. तोंडावर मास्क होता म्हणून बरं. मोजणीकाकू पिवळ्या रेघेवरून ओरडली, "काय म्हणालात?" आत-बाहेरच्या वस्तू ती लिहिते, कान फार तिखट.

"काही नाही. सावकाश, म्हटलं."

वर आली तेव्हा ओळखू येणार नाही अशी होती. गुलाबी हिरड्या किरणांनी खाऊन टाकलेल्या, उरलेलं प्लास्टिक चहासारखं तपकिरी. दातही तपकिरी. पत्रा तेवढा शाबूत. आणि फट. फटीला काय होणार! किरण मोजायचं मीटर धरल्यावर असं किरकिरलं की काकू दोन पावलं मागे सरली.

चिमट्यानेच फोटो काढायच्या पेटीत ठेवली, मग शिशाच्या भांड्यात, मग पिपात. पीप सिमेंटने भरून तीनशे वर्षं ठेवतात. बाबांच्या दातांची एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती.

दुपारी मोठे साहेब फोटो बघायला आले. त्यांना सगळे 'बटणसाहेब' म्हणतात, त्यांच्या पाठीमागे. तरुणपणी त्यांच्या शर्टाचं बटण एका धाग्यावर लोंबत होतं, तसेच ते रेघेच्या आत जात होते. बटण पडलं नव्हतं, पडेल असं होतं. बाबांनी पंधरा दिवस घरी बसवलं. तेव्हा नवीन लग्न, नवीन नोकरी. अजून सांगताना त्यांचा हात आपोआप बटणाकडे जातो.

"त्या पंधरा दिवसांत मी माणूस झालो," म्हणाले. "तुमचे बाबा नसते तर हे तळं म्हणजे उकिरडा झाला असता."

मग फोटो उचलून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटून घेतलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी होती, तरी गेले. रेकॉर्डच्या खोलीत जुन्या वह्या काढून बसले.

ठ ओळीच्या एकतीस नंबरच्या घरात ती जुडी चोवीस वर्षांपूर्वी १२ मे रोजी ठेवली. बाबांचं अक्षर. ते प्रत्येक जुडीपुढे "ठीक" लिहायचे, टिंब द्यायचे. त्या दिवशी त्या एका ओळीत दोनदा लिहिलंय. "ठीक. ठीक." दुसऱ्या दिवशी स्टँड त्या कोपऱ्यावर हलवल्याची नोंद. कारण: "सोय".

१२ मे.

माझं लग्न २३ मेला झालं.

मी वही मिटली आणि खुर्चीवर तशीच बसून राहिले. लिहिते सगळं, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

आई मी शाळेत असतानाच गेली. घरात मी आणि बाबा. लग्नाआधी दोन महिने मी ट्रेनिंगला होते, आदल्या दिवशी परतले. दार उघडलं तेव्हा बाबांच्या तोंडावर रुमाल होता. हातानेच सांगितलं — सर्दी. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लग्नात रुमाल. एक शब्द नाही. जेवले नाहीत, नुसतं सूप प्यायले. लोक म्हणाले, मुलगी चाललीय, गहिवरलेत. मी त्यांना ओळखत होते. मी म्हटलं, गहिवर कसला, राग आहे! ट्रेनिंगला जायच्या आधी मी त्यांना या मुलाबद्दल सांगितलं तेव्हा म्हणाले होते, "ताशी वीस?" बस, एवढंच. त्यांना ड्रायव्हर जावई नको होता, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं. निघताना मी वाकले, तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं! चोवीस वर्षं मी ते मनात धरून बसलेय. पहिली तीन वर्षं त्यांच्या घरी मुक्कामाला गेले नाही. लेक झाली तेव्हा कळवलं तेसुद्धा दोन दिवसांनी. सहा वर्षांपूर्वी ते घसरून पडले म्हणून आमच्याकडे आणलं, पण आतली अढी गेली नव्हती. आणि या माणसाच्या तोंडात त्या दिवशी दात नव्हते. एवढंच.

रेकॉर्डच्या खोलीत मला रडू आलं. मग हसू आलं. मग परत रडू. शिपाई डोकावून गेला.

अजून एक. आमचा नियम चौदा — "तोंडातील काढता येण्यासारख्या वस्तू रेघेपूर्वी जाहीर कराव्यात." त्याची तारीख बघितली. त्याच वर्षीचा जुलै. सगळे म्हणतात, काय दूरदृष्टी! बाहेरच्या देशांतल्या लोकांनी हा नियम आमच्याकडून उचललाय. तेव्हापासून मी किती हजार वेळा लिहिलं असेल — चष्मा एक, दोरीसह, पेन एक, दोरीसह, कवळी, नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज विचारणार होते. चहा तीनदा केला. विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा ब्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू स्वच्छ येतं, बोलतात कमी. घरातही त्यांची रेघ आहे. जेवायच्या टेबलावर कुणी मोबाइल आणला की "दोरी कुठाय?" विचारतात. मागे बटणसाहेब घरी आले होते तेव्हा त्यांच्याही शर्टाकडे आधी बघितलं, मग चेहऱ्याकडे.

आज पाटीचा विषय काढला. म्हटलं, वीस तारखेला गाडी पाठवणार आहेत. निळा कोट इस्त्रीला देते.

"मला नाव नको भिंतीवर."

"अहो, पण कौतुकाने देतायत."

"नको म्हटलं ना."

"बाबा, लोकांना काय सांगू?"

"सर्दी झालीय सांग."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते बिस्कीट चहात बुडवत होते. बरोबर दोन सेकंद, एक सेकंद जास्त नाही. मोडून आत पडू दिलं नाही. चेहऱ्यावर काही नाही.

तिथेच विचारायला हवं होतं. तोंड उघडलं पण होतं. मग म्हटलं, "अजून एक देऊ?" आणि बिस्किटांचा डबा पुढे केला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

यार्डात गेले होते याला डबा द्यायला (जेवणाचा). गाडीच्या केबिनमध्ये आरशाखाली एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, इतकी जुनी की शाई पुसत आलीय. कित्येक वर्षं बघतेय, कधी विचारलं नाही. देवाच्या फोटोच्या जागी लोक लावतात तसलं काहीतरी, असं वाटायचं. आज वाचली. "सावकाश."

"कुणाचं अक्षर आहे हे?" विचारलं. माहीत असून विचारलं.

"तुझ्या बाबांचं. लग्नात निघताना माझ्या हातात कोंबलं. बोलले काहीच नाहीत."

"तुला राग नाही आला?"

"आला की. म्हटलं, ताशी वीसवाल्याला आणखी किती सावकाश सांगतात! मग पहिल्यांदा डबा नेला तेव्हा घाटात हात कापायला लागले. खिशात हीच चिठ्ठी सापडली. तेव्हापासून आहे." टिफिन उघडून बघितला. "तुझे बाबा माझ्याशी या एका शब्दाएवढंच बोललेत म्हण ना. पुरलं मला."

मी म्हटलं, खा, गार होतंय.

त्याला सांगायला हवं होतं. पण याला एकदा काही सांगितलं की चेहऱ्यावर लिहिलेलं दिसतं, आणि पुढे शंभर टन घेऊन जायचंय. परत आला की सांगेन.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फॉर्म भरला.

बटणसाहेबांनी सकाळी बोलावलं. परवानगी हातची जाईल, आज संध्याकाळपर्यंत कागद हवा. फोटो टेबलावर. म्हणाले, "जुनी वस्तू दिसतेय. तेव्हा किती लोक यायचे — कंत्राटी, पाहुणे, बाहेरचे तपासनीस. कुणाचीही असू शकते."

मी मान हलवली.

"तुम्ही हल्ली तोंड मिटूनच बोलता," म्हणाले. "दाढ दुखतेय का?"

"हो."

"दाखवून घ्या." आणि खाली बघून सह्या करत राहिले. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर कधी? त्यांचे पंधरा दिवस कुणी परत देणार आहे का? काहीच समजेना. मी तिथून उठले.

टेबलाशी बसून तास घालवला. खरं लिहिलं तर पाटी उतरणार, कँटीनच्या भिंतीवरचा आकडा पुसणार, ब्याऐंशीव्या वर्षी चौकशी समितीपुढे बाबा. आणि ते कशासाठी? एका शिंकेसाठी! (शिंकच आली असणार, दुसरं काय.) खोटं लिहिलं तर कुणाचं काय वाकडं होतंय? वस्तू वर आली. पिपात गेली. पत्रा अखंड, चौदाच्या चौदा दात जागेवर. मी स्वतः मोजलेत, दोनदा.

वस्तू: कवळी, वरची. स्थिती: पूर्ण. मालक: अज्ञात. कधी पडली: अज्ञात. आणखी भाग किंवा वस्तू असण्याची शक्यता: नाही.

सही केली. सव्वीस वर्षांत या तळ्याबद्दल लिहिलेलं पहिलं खोटं. सही रोजच्यासारखीच आली. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस भरणी. ठ ओळीतल्या बत्तीस जुड्या, अख्खी ओळ.

डबा आधी क्रेनने तळ्यात बुडवायचा. मग पाण्याखालीच एकेक जुडी घरातून वर ओढायची, डब्यावर न्यायची, खाली सोडायची. पाण्याबाहेर क्षणभरसुद्धा काढायची नाही. बाळाला आंघोळ घालताना डोकं धरतात तसं धरावं लागतं, फक्त बाळ अर्ध्या टनाचं. एक जुडी, पाऊण तास. तीन पाळ्या. बाहेरून दोन विद्यार्थी बघायला आले होते, निळा उजेड दिसेल म्हणून. जुन्या इंधनाला कसला उजेड! हिरमुसून गेले.

एकतीस नंबरची जुडी मी स्वतः उचलली. जरा अडल्यासारखी वाटली. घरातून निघताना काटा किंचित वर गेला, मग खाली आला. जुन्या जुड्या अडतात कधीकधी, चोवीस वर्षं उभ्या असतात. मर्यादेच्या आतच होता. पुढे नेली.

झाकण. पाणी उपसणं. आत वाळवणं. मग सीलबाई आली. बाहेरची तपासनीस, तिच्या सहीशिवाय डबा हलत नाही. ती फॉर्म वाचते तो अक्षर न् अक्षर. शेवटच्या प्रश्नावर पेन टेकवलं.

"शक्यता नाही?"

"नाही."

"खात्री?"

"खात्री." मिटल्या तोंडाने जेवढं स्पष्ट म्हणता येतं तेवढं.

तिने झाकणावर सील ठोकलं. बारीक तार, त्यावर नंबर. आता पलीकडच्या कारखान्यातच तुटणार. मधे कुणी उघडलं तर चार खात्यांना जाग येते.

बाहेर पडताना मोजणीकाकूने वही पुढे केली. चष्मा एक, पेन एक. मग स्वतःहूनच लिहिलं — कवळी, नाही. वर बघितलं नाही.

"सव्वीस वर्षं मी दारात आहे," म्हणाली. "तुमच्या बाबांच्या वेळेपासून. छान हसायचे पूर्वी."

१७ फेब्रुवारी, सोमवार

डबा गेला.

पुढे पोलिसांची गाडी, मागे पोलिसांची गाडी, मधे आमचा हा, ताशी वीस. फाटकातून पूर्ण बाहेर पडायला सहा मिनिटं लागली. रस्त्याकडेला शाळेची मुलं उभी होती, हात हलवून दमली, बसली, परत उठून हलवायला लागली. तोवर गाडीचं शेपूट त्यांच्यासमोरच होतं.

मी फाटकाशी उभी. सगळ्यांना वाटलं नवऱ्यासाठी उभी आहे. तेही होतंच.

घरी आले तर बाबा खिडकीत. तिथून मोठा रस्ता दिसतो. त्यांनी डबा बघितला असणार.

"कुठली ओळ गेली?" विचारलं.

"ठ."

"सगळी?"

"सगळी."

बाबा खुर्ची ओढून खिडकीपासून लांब बसले. मग बऱ्याच वेळाने, "कॅमेरा सोडला होतास ना आधी?"

"सोडला होता, बाबा."

एवढं सरळ दार उघडं होतं आणि मी भाजी चिरायला उठले. माझ्यासारखी भित्री मीच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

याचा फोन. पहिले दोन टप्पे पार, तीन पूल झाले, उद्या घाट. "सावकाश," म्हटलं. हसला.

मला नाही जमत हे. परवा पाटीवरचा पडदा बाजूला सारायचाय आणि त्या माणसाला तिथे उभं राहून टाळ्या ऐकायच्या आहेत. चोवीस वर्षं एकटाच आत घेऊन बसलाय. मी आधी एवढं भांडले त्यांच्याशी, न बोलता. आता निदान एवढं तरी सांगावं, की मला कळलंय. की माझा राग गेला. की फॉर्ममध्ये त्यांचं नाव नाही, डबा बंद झाला, सील लागलं, आता कुणाला काही कळणार नाही. निर्धास्त राहा म्हणावं, आणि हसा.

उद्या चहाच्या वेळी. वाट्टेल ते झालं तरी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

विचारलं. कपात चहा ओतता ओतता, एका दमात. "बाबा, तळ्यात कवळी सापडली. तुमची होती ना?"

त्यांच्या हातातलं बिस्कीट मोडलं आणि चहात पडलं. तिकडे बघितलंसुद्धा नाही. रागावले नाहीत, लाजले नाहीत. कित्येक वर्षं कुणीतरी हे विचारायची वाट बघत असल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

मग म्हणाले, "वरची की खालची?"